अक्षरं सुलटी, घरं उलटी

एकोणीसशे पंचाहत्तर साल होतं आणि मी तेवीस वर्षांची होते. साल पक्कं आठवतं, कारण त्या उन्हाळ्यात मला आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती वाटली आणि त्याच उन्हाळ्यात मी प्रेमात पडले. दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की छातीत धडधडलं तर ते नक्की कशामुळे, हे मला कळायचंच नाही.

मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत कामाला होते. तिसरा मजला, लांबट खोली, सात टेबलं, आणि सातव्या टेबलाशी मी, एकटीच मुलगी. आमच्या सरांनी एक काम घेतलं होतं. दगडाच्या जुन्या खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत छत्तीस कुटुंबं राहत होती, त्यांच्यासाठी जवळच्या मोकळ्या जागेवर घरं बांधायची. वीज तेव्हा दिवसाआड जायची. सर म्हणायचे, "पंख्याच्या भरवशावर घर काढायचं नाही. भिंतीने आणि खिडकीने गार राहील असं घर काढा." मातीच्या दाबून केलेल्या विटा, सहा-सहा घरांच्या मधे एक अंगण, दोन घरांत एक जाड भिंत, छपरावरचं पाणी साठवायला अंगणात टाकी. आज अशा घरांवर मोठाली पुस्तकं निघतात. तेव्हा लोक आम्हाला हसत.

तर मार्च महिन्यात एका दुपारी मी टेप घेऊन त्या पत्र्याच्या खोल्यांची मापं घ्यायला गेले. पहिलीच खोली गाद्या शिवणाऱ्या मावशींची. दारातून वाकून आत शिरले, तर नाकाला काहीतरी गुदगुल्या करून गेलं. मी हाताने झटकलं.

"हलू नका!"

मी जागच्या जागी थिजले. मला वाटलं, साप.

"मोडलात," तोच आवाज म्हणाला. "माझा वारा मोडलात तुम्ही."

अंधाराला डोळे सरावले तेव्हा दिसलं. एक उंच, किडकिडीत मुलगा कापसाच्या गाठोड्यावर बसला होता. मांडीवर वही, हातात घड्याळ. दाराच्या चौकटीला, खिडकीला, आढ्याला लाल धागे लोंबत होते. त्यातला एक माझ्या बोटाला गुंडाळला गेला होता.

"वारा मोडतो का कुठे?" मी म्हटलं.

"मोडतो की. सकाळपासून तीन तास बसलोय. हा एक धागा आत्ता, एवढासा हलला... आणि तुम्ही आलात."

कोपऱ्यातून मावशींचा आवाज आला. सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "अरे वारेमास्तर, ती आली म्हणून हलला असेल. लिही वहीत."

तो लाजला. कानांपर्यंत लाल झाला. मला हसू आलं, आणि मग त्याने मला भिंतीवरचा तापमापक दाखवला तेव्हा हसू गेलं. पारा त्रेचाळीसच्या वर होता. घराच्या आत.

तो हवामानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. जुन्या घरांत किती उकडतं, नव्या घरांत किती उकडेल, वारा कुठून येतो, हे मोजायला त्याला पाठवलं होतं. धागे मावशींच्याच रिळाचे. वस्तीत सगळे त्याला वारेमास्तर म्हणत. आठवड्याभरात मलाही नाव पडलं. रेघताई.

मावशींची मुलगी शेजारच्या खोलीत राहायची. ती पोटुशी होती. आदल्या उन्हाळ्यात तिचं अकरा दिवसांचं बाळ त्या पत्र्याखाली गेलं होतं. आजार नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन. ती माझ्याशी फारसं बोलायची नाही. एकदाच विचारलं तिने, "नव्या घरात किती असेल तो पारा?"

"निदान आठ-नऊ अंशांनी कमी," मी सांगितलं.

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. तेविसाव्या वर्षी माणूस हा शब्द किती सहज वापरतो.

सरांची एक रीत होती. नकाशा पक्का करण्याआधी त्यांनी तो खाणीच्या कचेरीच्या फरशीवर खडूने एवढा मोठा काढायला लावला आणि सगळ्या घरांना बोलावलं. "आपापली एक वस्तू आणा आणि जिथे राहायचंय तिथे ठेवा." कुणी किल्ली ठेवली, कुणी बटण, कुणी पेन्सिलीचा तुकडा. कुणाला कुणाशेजारी राहायचंय, कुणाशी पटत नाही, सगळं त्या फरशीवर उघड झालं. भांडणं झाली, वस्तू हलल्या, पुन्हा हलल्या. मावशींनी आपलं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान कोपऱ्यावरच्या घरात ठेवलं आणि मुलीची बांगडी लगतच्या घरात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला संध्याकाळी दारात बसून शिवायला लागतं. डोळ्यांत ऊन येईल का गं?"

"नाही येणार मावशी. पश्चिमेला जाड आंधळी भिंत आहे. खिडक्या-दारं सगळी पूर्वेला, तलावाकडे."

तलाव बांधापलीकडे होता, आमच्या कागदाच्या बाहेर. पण वारा तिथूनच यायचा. ते वारेमास्तरांनी पंधरा दिवस धागे बांधून शोधलं होतं, आणि सगळी घरं त्या एका गोष्टीवर उभी होती. पूर्वेचा वारा आत, पश्चिमेचं ऊन बाहेर.

एप्रिलच्या मध्यावर मी शाईचा नकाशा काढायला घेतला. तेव्हा काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या कागदावर, ट्रेसिंगवर, शाईने काढायचं आणि मग त्याच्या निळ्या प्रती निघायच्या. आमच्याकडे पद्धत अशी, की भिंती कागदाच्या पुढच्या बाजूला काढायच्या आणि झाडं, पायवाटा मागच्या बाजूला. म्हणजे भिंतीची चूक ब्लेडने खरवडली तरी झाडं शाबूत राहतात. मागची झाडं झाली की कागद परत सुलटा करायचा आणि शेवटी अक्षरं घालायची.

त्या दुपारी वीज गेली होती. मी शेवटचं झाड काढत होते, आणि तो आला. जवळजवळ रोजच यायचा, काही ना काही आकडे घेऊन. माझ्या टेबलावरच्या दिव्याला त्याने लाल धागा बांधला.

"हे काय?"

"मोजमाप. या खोलीत वारा नाही, तरी धागा हलतोय. म्हणजे कुणीतरी सुस्कारे टाकतंय."

"वर पंखा आहे."

"पंखा बंद आहे. वीज गेलीये, रेघताई."

मी वर पाहिलं. मग म्हटलं, "मग तुम्हीच असाल. दारापासून इथपर्यंत धापा टाकत आलात."

"तीन जिने आहेत."

"म्हणजे जिन्यांमुळे?"

"पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं, जिन्यांमुळे..." तो म्हणाला आणि धाग्याकडे बघत राहिला.

पलीकडच्या टेबलावरचे काका उगाच खोकले. मी मान खाली घातली आणि अक्षरं घालायला लागले. माझं अक्षर त्या दिवशी जितकं सुंदर आलं तितकं पुन्हा कधी आलं नाही. संध्याकाळी सरांनी कागद पाहिला, "वा!" म्हणाले, आणि खाली सही केली.

मे महिन्यात जागेवर आखणी सुरू झाली. मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी निळा कागद हातात धरून तो म्हणाला, "ताई, खिडक्या या अंगाला?"

मी घाईत होते. शिवाय चार माणसांसमोर एका मुलीला कामातलं विचारलं की ती जरा ताठच उत्तर देते. "मिस्त्री, कागदावर आहे तसं करा."

त्याने केलं. चौरस जागा, खालच्या बाजूला रस्ता, उत्तरेचा बाण वर. कुठेच काही अडलं नाही. चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी छत्तीस घरं जमिनीवर उमटली. पहिल्या सहांचे पाये खणूनही झाले. सोमवारी दुपारी पायाच्या खड्ड्यांत दगड भरायचे होते.

त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी वस्ती आपापली घरं बघायला आली. लोक फक्कीच्या रेघेवरून न जाता दाराच्या जागेतूनच आत जात होते. मावशी आपल्या दारात, म्हणजे दोन रेघांमधल्या फटीत, फतकल मारून बसल्या आणि खोटं खोटं शिवायला लागल्या. सगळे हसले. मग त्यांनी हात कपाळावर धरला.

"अगं रेघताई," त्या म्हणाल्या, "तू तर म्हणाली होतीस, डोळ्यांत ऊन येणार नाही."

मी पाहिलं. सूर्य त्यांच्या समोर होता. त्यांच्या तोंडावर सगळा नारिंगी उजेड पडला होता.

मी वळून बघितलं. तलाव त्यांच्या पाठीमागे होता. तिथे जाड, आंधळी भिंत येणार होती.

शेजारच्या घराच्या खिडकीच्या जागी वारेमास्तर काठी रोवून उभा होता. काठीला लाल धागा. तलावाच्या वाऱ्याने धागा हलत होता, पण घराच्या आत नाही, बाहेर. त्याने धाग्याकडे पाहिलं, मावशींच्या तोंडावरच्या उन्हाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं. आणि मला कळलंय हेही त्याला कळलं होतं.

"येईल जरा वेळ ऊन," मी मावशींना म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. "भिंती उठल्या की... सावली पडेल."

हे मी बोलले. पन्नास वर्षं झाली, पण ते वाक्य मी बोलले, हे मला अजून पुसता आलेलं नाही. मावशींची मुलगी पोटावर हात ठेवून आपल्या घराच्या मधोमध उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच हसून.

शुक्रवारी सगळे डबे खायला बसले तेव्हा मी कपाटातून मूळ ट्रेसिंग काढलं आणि नख फिरवून पाहिलं. शाईचा उंचवटा नखाला लागतो. झाडं आणि अक्षरं एकाच बाजूला. भिंती पलीकडे. त्या दुपारी मी कागद परत सुलटा केलाच नव्हता. आरशात दिसावी तशी सगळी वस्ती उलटी झाली होती, आणि तिच्यावर माझी सुंदर अक्षरं सुलटी बसली होती. म्हणून कुणालाच दिसलं नाही.

कागद पहिल्यासारखा गुंडाळून मी कपाटात ठेवला.

घरी बाबा खिडकीशी बसलेले. ते धरणाच्या कचेरीत मोजणीदार होते. मी नऊ वर्षांची असताना एक आकडा चुकला. चूक त्यांची एकट्याची नव्हती, पण साहेबांपुढे जाऊन "माझं चुकलं" म्हणाले ते एकटे. सगळं त्यांच्यावर ढकललं गेलं आणि नोकरी गेली. तेव्हापासून ते त्या खिडकीशी बसत. बाहेर फारसे पडत नसत. चपला दाराशी धूळ खात पडलेल्या असत.

मी आडून विचारलं. "बाबा, कचेरीत एका मुलीच्या हातून मोठी चूक झालीये. तिने काय करावं?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "गप्प बसावं. कबूल करणारा एकटा पडतो. बाकीचे बाजूला होतात." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मुलगी ओळखीची आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

आईने ताट वाढलं. मी भात नुसता चिवडत होते. ती म्हणाली, "कुणाची दृष्ट लागली की काय पोरीला." मी म्हटलं, ऊन लागलं असेल. आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मला ते अकरा दिवसांचं बाळ आठवलं आणि मी ताटावरून उठले.

शनिवारी तो कचेरीच्या जिन्यात भेटला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिथे खिडकी होती. मी बाजूने निसटायला बघत होते.

"दोन दिवस मला टाळताय तुम्ही."

"काम आहे."

"मलाही आहे. आखणीच्या जागेवरच्या वाऱ्याचा अहवाल सरांना द्यायचा आहे."

"कधी?"

"आजच द्यायचा होता. मी सांगितलं, सोमवारी दुपारी बाराला देतो. एक मिनिट आधी नाही."

"म्हणजे मला मुदत देताय. उपकार."

"तसं नाही..."

"तुमच्यामुळे झालं हे!" मी एकदम म्हटलं. "दिव्याला धागे काय, सुस्कारे काय! मी कागद फिरवायला विसरले, ते तुम्ही तिथे बसला होतात म्हणून!"

तो हळूच म्हणाला, "खरंच? माझ्यामुळे?" आणि त्याच्या तोंडावर भीती आणि आनंद असं काहीतरी एकत्र आलं, की मला त्याचा राग करावा की त्याला धरून रडावं, कळेना.

"हसताय काय? माझी नोकरी जाईल. सरांचं नाव जाईल. बाबा म्हणतील, सांगितलं होतं."

"मी हसत नाहीये. मला भीती वाटतेय."

"तुम्हाला कसली भीती? तुमचे धागे बरोबर आहेत."

त्याने खिडकीच्या गजाला हात लावला. "तुम्ही म्हणालात ना, की धाग्याचं खरं लिहू नका... तर मी नाही लिहिणार. त्याची भीती वाटते. मी आजवर एक आकडा खोटा लिहिलेला नाही. आणि तुमच्यासाठी लिहीन, हे मला आत्ता, इथे उभा असताना, स्वच्छ कळतंय." त्याने गज सोडला. "मग त्या घरात पुढच्या उन्हाळ्यात पारा बघायला मीच जाणार. त्यानंतर तुमच्याकडे कसं बघायचं, ते मला ठाऊक नाही."

वरून कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे राहिलो. काका खाली उतरून गेले, पुन्हा उगाच खोकत.

"मी काही म्हणणार नाही," तो म्हणाला. "सांगा असंही नाही, सांगू नका असंही नाही. फक्त... बाराला."

लोक म्हणतात, प्रेमात माणूस धीट होतो. मी तरी झाले नाही. रविवारभर मी मनात एकच हिशेब करत होते. कुणाला कळणार आहे? भिंती उठतील. लोक राहायला जातील. उकडलं तर म्हणतील, उन्हाळा आहे. पत्र्यापेक्षा बरं म्हणतील, कारण पत्र्यापेक्षा ते बरंच असणार होतं. मावशी कपाळावर हात धरून शिवतील. आणि ती मुलगी बाळाला खिडकीशी निजवेल, खिडकीतून गार वारा येईल असं मी सांगितलं आहे म्हणून. इथपर्यंत आले की हिशेब तुटायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, आणि पुन्हा तिथेच.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. ट्रेसिंग त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "सर, हे उलटं आहे."

ते उठले. कागद खिडकीच्या काचेला लावला. मग फिरवून लावला. खोलीतल्या बाकी सहा टेबलांवरचे आवाज बंद झाले.

"अक्षरं सुलटी," ते म्हणाले, "घरं उलटी." आणि चष्मा काढला. "आणखी कुणाला माहीत आहे?"

"वारेमास्तरांना."

"मग तो का बोलला नाही?"

"मी बोलावं म्हणून... बहुतेक."

सर बराच वेळ सहीकडे बघत होते. त्यांच्याच. मला वाटलं, आता म्हणतील, जा घरी.

"मी तुझे कागद तपासायचं सोडलं होतं," ते म्हणाले. "इतकं चांगलं अक्षर येतं म्हणून. ते माझं. पण काढलंस तू. आता जागेवर जा आणि त्यांना सांग. मी येतो मागे, पण बोलायचं तू."

सरांना सांगणं सोपं होतं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. दगडांची गाडी लागलेली. मिस्त्री, मावशी, त्यांची मुलगी, आणखी वीसेक माणसं. मी पायाच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. झाडं मागून काढायची पद्धत, कागद फिरवायचा राहिला, तलाव कुठे, ऊन कुठे. गुरुवारी मावशींना खोटं बोलले, तेही.

आधी मिस्त्री म्हणाला, "मी विचारलं होतं ताई."

"हो. विचारलं होतंत. मी तुम्हाला गप्प केलं."

मावशींची मुलगी पुढे आली. "आणि तुम्हाला कळलंच नसतं तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे, आणि मला वाटलं, आता ही थुंकेल माझ्यावर. थुंकली असती तरी चाललं असतं.

मावशी उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत. "मी तेव्हाच म्हणत होते की नाही, डोळ्यांत ऊन येतंय! म्हातारीचं ऐकतंय कोण." मग मुलीला म्हणाल्या, "तोंड काय बघतेस तिचं? खराटा आण."

आणि त्यांनी आपल्या घराची रेघ स्वतः झाडून टाकली. आधी दार. मग आंधळी भिंत. मग एकेकाने आपापलं घर पुसलं. खड्डे बुजवायला सगळी वस्ती लागली. दुपारचं ऊन डोक्यावर, धूळ नाकातोंडात, आणि मी मिस्त्रीच्या हाताखाली दोरी धरून पहिलं घर नव्याने आखत होते. या वेळी एकेक रेघ तो मला मोठ्याने विचारून घेत होता. "तलाव कुठे ताई?" "मागे." "मागे म्हणजे?" "पूर्वेला." "हां." लोक हसायला लागले. मीही हसले, आणि हसता हसता रडले. धुळीत कुणाला दिसलं नाही, निदान मला तसं वाटलं.

बाराला तो आला होता. मी पाहिलं नव्हतं. पाच वाजता मावशींच्या नव्या खिडकीच्या जागी त्याने काठी रोवली. धागा क्षणभर लोंबला. मग तलावाकडून काहीतरी आलं, आणि तो सरळ आडवा झाला, घराच्या आत बोट दाखवावं तसा.

"दिला का अहवाल?" मी विचारलं.

"दिला. खरा." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि हा खोटा. काल दिवसभर बसून लिहिला."

मी उघडला. त्याच्या नीटस अक्षरांत लिहिलं होतं: आखणीच्या जागी खिडक्यांतून पुरेसा वारा मिळतो. खाली त्याची सही. तारीख सोमवारची.

"म्हणजे तुम्ही खरंच..."

"दोन्ही खिशात घेऊन आलो होतो. कुठला द्यायचा, हे बारापर्यंत माहीत नव्हतं." "हा तुझ्याकडे ठेव. कधी मी फार शहाणपणा शिकवायला लागलो, की काढून दाखव."

"तुझ्याकडे म्हणालात."

"म्हणालो का?"

"म्हणालात. आणि कधी म्हणजे कधी? किती वर्षं ठेवायचा?"

तो धाग्याकडे बघत म्हणाला, "मोजमाप लांबणारं आहे. तुझी हरकत नसेल तर... जन्मभर."

माझे हात फक्कीने पांढरे होते. मी त्यातला एक पुढे केला. त्याने धरला. त्याचाही पांढरा झाला.

"लिही वहीत," मागून मावशी म्हणाल्या.

घरी जाऊन बाबांना सांगितलं, की ती मुलगी मीच. त्यांनी एवढंच विचारलं, "नोकरी?"

"आहे. सहा महिने शाईला हात लावायचा नाही. पेन्सिल, आणि रोज जागेवर."

"आणि लोक? बाजूला झाले?"

"नाही बाबा. खड्डे बुजवायला आले."

ते उठले. दाराशी गेले आणि चपलांवरची धूळ झटकली. "मला दाखव ती जागा," म्हणाले.

घरं पुढच्या मार्चला पुरी झाली. त्या एप्रिलात वारेमास्तरने मावशींच्या मुलीच्या खोलीत तापमापक लावला तेव्हा बाहेर बेचाळीस होते आणि आत तेहतीस. तिचं बाळ खिडकीशी झोपलं होतं. मुलगी होती. आता ती त्याच वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते, आणि मला अजूनही रेघताईच म्हणते. तिच्या आईने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण बारशाला तिने बाळ पहिल्यांदा माझ्या मांडीवर ठेवलं होतं.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि रोज फिरायला जात राहिले. सरांनी शेवटपर्यंत प्रत्येक कागद काचेला लावून दोन्ही बाजूंनी पाहिला. मिस्त्रीने पुढे माझ्या नकाशांवरून सत्तरएक घरं बांधली आणि प्रत्येक जागेवर पहिला प्रश्न तोच विचारला, "ताई, खिडक्या या अंगाला?" मावशी एकोणनव्वदाव्या वर्षी गेल्या. कोपऱ्यावरचं घर त्यांनी आपल्यामागे मुलीला सांगून आम्हाला राहायला द्यायला लावलं होतं, म्हातारपणी जिने चढवत नाहीत म्हणून.

आमचा संसार सदतीस वर्षांचा झाला. तो खोटा अहवाल मी तीनदा काढून दाखवला. तिन्ही वेळा तो हसून गप्प बसला. वारेमास्तर जाऊन आता बारा वर्षं झाली.

संध्याकाळी मी मावशींच्या जागी, दारात बसते. खिडकीला लाल धागा आहे, दर वर्षी बदलते. अजूनही बसताना एकदा हात आपोआप कपाळाकडे जातो. मग मी तो खाली घेते. ऊन मागे, भिंतीपलीकडे असतं. आणि धागा आत, माझ्याकडे वळलेला असतो.